डाव्या बाजूचा गायक

२५ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाला, ओरडणं बंद करा, नाहीतर डोक्यातली शीर फुटेल. मी म्हटलं, मग पोटातलं काढायचं कुठं? त्यावर तो नुसता हसला. घरी आल्या आल्या माझ्या बायकोनं, मेरोपीनं, ऑलिव्ह तेलाच्या सहकारी संघानं फुकट वाटलेली ही डायरी माझ्यापुढं आणून टाकली. म्हणाली, "इथं ओरड. शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."

तर ओरडतो.

आज क्षमेचा रविवार. उद्यापासून ईस्टरपर्यंत मोठा उपास. संध्याकाळच्या उपासनेनंतर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायची. मी गावातल्या निम्म्या लोकांची मागितली, त्यातल्या निम्म्यांनी खरं तर माझी मागायला हवी होती. शेवटी दूकासकाकांसमोर उभा राहिलो. हे आमचे उजव्या बाजूचे गायक. एकोणऐंशी वर्षांचे, ताठ, आवाज अजून देवळाच्या घंटेला भारी. मी डाव्या बाजूचा. उजवा आधी गातो, डाव्यानं त्याचीच चाल उचलायची आणि पुढचं कडवं म्हणायचं. आपली अक्कल चालवायची नाही. तेवीस वर्षं मी ती चालवलेली नाही.

मी वाकलो, म्हटलं, "काका, चुकलंमाकलं माफ करा." म्हातारा माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "तुझं काय चुकणार रे मिहालिस?"

मिहालिस माझे वडील. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली. म्हणजे चारचौघांत त्यांना मला सुनवायचं होतं की तू अजून मिहालिसचं पोरगंच आहेस, तुला स्वतःचं नाव नाही. किती बारीक चिमटा! मी हसून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि घरी येऊन तीन अंडी खाल्ली, कारण उद्यापासून तीही बंद.

१ मार्च, शुक्रवार

उपासातले शुक्रवार म्हणजे मरियामातेच्या स्तुतीचे. देऊळ बऱ्यापैकी भरलं होतं. म्हाताऱ्यानं पहिलाच सूर इतका वर धरला की माझ्या कडव्याला माझी मान कोंबड्यासारखी लांब झाली. मी डोळ्यांनी खुणावलं, खाली घ्या, खाली घ्या. बघतायत कुठं. मुद्दाम. दुसरं काय?

मुद्दाम का, तेही लिहून ठेवतो. आमच्या गावाची एक रीत आहे. उजवा गायक म्हातारा झाला की ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी, त्या पापी बाईचं मोठं गीत गाताना तो मध्येच थांबतो आणि ज्याच्याकडं हात करतो त्यानं ते पुढं गायचं. ईस्टरनंतर तोच उजवीकडं उभा राहतो. बिशपसाहेबसुद्धा यात पडत नाहीत, नुसता शिक्का मारतात. फादर लेफ्तेरिस परवा म्हणाले की यंदा दूकासकाका थांबतील बहुतेक. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, मितिलिनी शहरात एक डिप्लोमावाला तरुण आहे, तोही चांगला गातो म्हणे.

बायबलातल्या याकोबानं राहेलशी लग्न व्हावं म्हणून सात वर्षं चाकरी केली आणि पदरी तिची थोरली बहीण लेआ पडली. माझी तेवीस झाली. मला लेआसुद्धा मिळेल की नाही कोण जाणे.

५ मार्च, मंगळवार

मेरोपीनं ग्रामोफोनवर चादर टाकली आहे. उपास संपेपर्यंत गाणं नाही. दरवर्षी टाकते, आणि दरवर्षी मला वाटतं की घरात कुणीतरी मेलंय.

माझ्या आईच्या त्या तबकड्या. समोरच्या किनाऱ्यावरून एकोणीसशे बावीस साली युद्धात पळून येताना लोकांनी देवाच्या तसबिरी आणल्या, सोनं आणलं. माझ्या आजीनं गाणी आणली, पुढं आईनं तीच तबकड्यांवर शोधून शोधून जमवली. स्मिर्नाच्या बंदरातल्या गुत्त्यांची गाणी. दारूची, नावाड्यांची, फसलेल्या बायकांची. माझ्या दुकानात रंगाचे डबे आणि खिळे विकता विकता मी ती गुणगुणतो, हे गावाला माहीत आहे. फादरना माहीत आहे. दूकासकाकांना तर फारच माहीत आहे. ते स्वतःही आमच्याच निर्वासितांच्या आळीतले, पाच वर्षांचे असताना आईच्या कडेवर बसून बोटीतून आलेले. पण त्यांच्या तोंडून कधी एक ओळ ऐकली नाही. मला नेहमी सुनावतात, "घशाला एकच दार असावं. दोन ठेवली की वारा शिरतो."

मी मेरोपीला म्हटलं, एक तबकडी, अगदी हळू, खिडक्या लावून. ती म्हणाली, "देवाला तुझ्या पोटाचा उपास नको असेल एक वेळ, पण तुझ्या जिभेचा हवा आहे." मग उकडलेल्या चण्यांचं ताट माझ्यासमोर आदळलं.

१३ मार्च, बुधवार

दूकासकाका आज दुकानात आले. दिव्याची वात मागितली. दिली. सोमवारीही नेली होती. शनिवारीही. मी म्हटलं, "काका, देवळात आग लावायची आहे का?" ते म्हणाले, "वात संपली आहे," आणि असे बघू लागले जणू मीच चोरली. माझा तोल जातो की नाही ते पाहतायत. पवित्र मंगळवारच्या आधीची परीक्षा. मी निमूटपणे वात गुंडाळून दिली आणि वर विचारलं, आणखी काही? ते बराच वेळ रंगांच्या डब्यांकडं बघत उभे राहिले. मग आमेर्सा, त्यांची मुलगी, धापा टाकत आली आणि हाताला धरून घेऊन गेली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला असा पोरखेळ शोभतो?

१५ मार्च, शुक्रवार

आज मात्र देवाचे आभार मानून लिहितो.

तिसरा स्तुतीचा शुक्रवार. शेवटचं संथ गीत दूकासकाका नेहमी कोरडं गातात, हिशेब मांडल्यासारखं. आज त्यांनी पहिल्या ओळीलाच अशी काही वळणं घेतली की माझ्या अंगावर काटा आला. मी चाल उचलली. ती आपोआपच घशात उतरली, जणू जन्मापासून तिथंच होती. त्यांनी वर नेली, मी वर नेली. ते रेंगाळले, मी त्यांच्याहून रेंगाळलो. निर्वासितांच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतली एक तर डोक्याचा रुमाल तोंडाला लावून हुंदके देत होती. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाला उत्तर द्यायला आनंद वाटला. आणि खोटं कशाला बोलू, आज मी त्यांच्यापेक्षा चांगला गायलो.

मेरोपी वाटेत माझ्या पुढं पुढं चालत होती. मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, "सगळ्यांना ओळखीचं वाटलं." ही तिची स्तुती करायची पद्धत.

१६ मार्च, शनिवार

वलसामिसच्या कॉफीच्या दुकानात गेलो तर सोंगट्या खेळणाऱ्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग वलसामिस चमच्यानं पेल्यावर ताल धरू लागला आणि दोघंतिघं खाली बघून हसू लागले. एकानं विचारलं, "काय इग्नातिस, शुभ शुक्रवारी देवळात ऊझो दारूही मिळणार का?"

जळतात. कालच्या गाण्यानं पोटात दुखलंय यांच्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात. कॉफी अर्धी टाकून उठलो.

१९ मार्च, मंगळवार



फादरनी बोलावलं होतं. वयानं माझ्या मुलासारखे, म्हणून बोलतात आदरानं. म्हणाले, "इग्नातिसकाका, शुक्रवारी मरियामातेच्या गीताला तुम्ही गुत्त्यातलं गाणं लावलंत. बिशपांच्या कचेरीत तक्रार गेली आहे."

मी म्हटलं, कोण म्हणतं? ते म्हणाले, निम्मं गाव म्हणतंय. त्या नावाड्याच्या गाण्याची चाल होती. सगळ्या आळीला पाठ आहे ते. म्हाताऱ्या बायका रडल्या त्या काय भक्तीनं रडल्या? त्यांना त्यांच्या आया आठवल्या.

घरी आलो, चादर ओढून काढली, तबकडी शोधली. मेरोपी दारात उभी होती. सुई टेकली आणि पहिल्याच वळणाला मी शुक्रवारचे शब्द त्यावर लावून बघितले. "नावाड्या, दोर सोडू नको रे." माझी आई मला याच गाण्यानं झोपवायची. हुबेहूब. शब्द मरियामातेचे आणि चाल ही.

पण सुरुवात मी केली नाही. सुरुवात दूकासनं केली. मी डावा. मी फक्त उचलली.

मग सगळं लख्ख दिसलं. सापळा. मी चाल उचलणार, डोळे मिटून उचलणार, आणि गाव म्हणणार, बघा, शेवटी ग्रामोफोनवालाच तो. कारण दूकासनं असं गाणं गायलं यावर कुणाचा विश्वास बसणार? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी हे मेरोपीला ओरडून सांगितलं. हो, ओरडून. डायरीत मावत नव्हतं.

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन ये." बाई कुणाची बायको आहे कळत नाही.

२५ मार्च, सोमवार

देवदूतानं मरियेला वार्ता दिली तो दिवस. आज मासा चालतो. मेरोपीनं खारवलेला कॉड तळला होता, लसणाची चटणी होती, शाळेतल्या मुलांची मिरवणूक झाली. मला कशातच चव लागली नाही.

देवळात दूकास एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून आले. माझा शर्ट इस्त्रीचा नसला तर फादर भुवया उंचावतात, आणि यांना सगळं माफ. गायले मात्र चोख. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी उत्तरं दिली, त्यांच्याकडं न बघता. क्षमा करायची सत्तर गुणिले सात वेळा, असं येशू म्हणाला. माझ्याकडचा साठा संपत आलाय.

३१ मार्च, रविवार

गेलो. भांडायलाच गेलो. काय काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं.

दार बाहेरून कडीनं बंद होतं. मला वाटलं, घरी नाहीत. तेवढ्यात आमेर्सा मागच्या अंगणातून आली, कडी काढली आणि तोंड फिरवून म्हणाली, "बंदरावर जातात. बोट पकडायला. म्हणून लावते."

आत दूकासकाका खिडकीशी बसले होते. रविवारचा कोट, गळ्यापर्यंत बटणं, मांडीवर एक गाठोडं. समोर पाणी आणि पलीकडचा किनारा. ते गात होते. "नावाड्या, दोर सोडू नको रे." सगळं, शब्दांसकट, पाच वर्षांच्या मुलाच्या पातळ आवाजात. ते गाणं इतकं स्वच्छ गाताना मी आयुष्यात कुणाला ऐकलेलं नाही, आणि माझ्याकडं त्याच्या सहा तबकड्या आहेत.

मला बघून ते थांबले. नम्रपणे विचारलं, "तुम्हीही पलीकडं चाललात का?"

मी घोकलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "नाही काका. आज वारा आहे."

"मग आई आली की निघू," ते म्हणाले. आणि एकदम, कसलाच संबंध नसताना, दाऊदाचं पश्चात्तापाचं लांबलचक स्तोत्र म्हणायला लागले. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, न अडखळता, त्यांच्या त्या घंटेच्या आवाजात. म्हणताना त्यांचा चेहराही पहिल्यासारखा झाला, कडक, माझ्यावर रागावलेला.

आमेर्सानं मला स्वयंपाकघरात नेलं. वर्ष होत आलं म्हणाली. घरात मला ओळखत नाहीत, कधी बहीण समजतात, कधी मोलकरीण. पण देवळात त्या जागेवर उभं केलं की सगळं परत येतं. तिथं ते दूकास असतात. ती जागा गेली की माणूस गेला. मग तिनं माझे दोन्ही हात धरले.

"फादरना सांगू नका. ईस्टरपर्यंत तरी गाऊ द्या. त्या शुक्रवारी त्यांचा तोल गेला आणि तुम्ही तीच चाल उचलून धरलीत. नाहीतर तेव्हाच सगळ्यांना कळलं असतं. सगळं गाव तुम्हाला हसलं, तरी तुम्ही बोलला नाहीत. देव तुमचं भलं करो."

मी काय सांगणार? की बाई, माझ्या लक्षातच आलं नव्हतं? की मला वाटलं मी फार सुंदर गातोय? मी कॉफी प्यालो आणि निघून आलो.

आता कुणावर चिडू? एवढा छान राग होता माझ्याकडं, तोही गेला.

३ एप्रिल, बुधवार

फादरनी पुन्हा बोलावलं. बिशपांच्या कचेरीतून फोन आला होता. फादरनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "काका, मला एकच सांगा. सुरुवात कुणी केली?"

मला सांगायचं होतं. इथं खोटं लिहून उपयोग नाही, मला अगदी सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलं होतं: फादर, डावा उजव्याचीच चाल उचलतो, एवढं तुम्हालाही ठाऊक आहे. बस, एवढंच. माझं नाव साफ झालं असतं. म्हाताऱ्याला घरी बसवलं असतं, डिप्लोमावाल्याला यायला वेळ लागला असता, आणि पुढच्या मंगळवारी मोठं गीत गायला एकच माणूस उरला असता. सगळा हिशेब मी एका श्वासात केला. शर्यतीत एवढ्या चपळाईनं कधी पळालो नसेन.

म्हटलं, "माझ्याकडूनच झालं असेल."

फादर म्हणाले, "असेल म्हणजे?"

"झालं," मी म्हटलं, आणि दार आपटून बाहेर आलो. ते मागून म्हणाले की पुन्हा असं झालं तर मला तुमची डावी बाजूही काढून घ्यावी लागेल, माझा नाइलाज होईल.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मेरोपीला सांगितलं, तर तिनं माझ्या ताटात न विचारता हलवा वाढला. मला गोड खायला डॉक्टरनं बंदी केली आहे.

७ एप्रिल, रविवार

आज झावळ्यांचा रविवार. उद्यापासून पवित्र आठवडा. दूकासकाका गेले दोन दिवस ठीक आहेत, असं आमेर्सा दुकानात येऊन हळूच सांगून गेली. आता ती रोजच सांगून जाते, जणू मी त्यांचा डॉक्टर.

मला एक आशा आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. मंगळवारी ते शुद्धीवर असतील, मध्यावर थांबतील आणि हात करतील. माझ्याकडं. बाकी आहेच कोण तिथं? हात त्यांनी स्वतः केला तर तक्रार, कचेरी, शिक्का, सगळं चुलीत जातं. रीत ती रीत. शुद्धीवर असलेल्या माणसानं दिलेलं घ्यायला काय हरकत आहे? मी घरी गीताचा उत्तरार्ध रोज म्हणतोय. मेरोपी म्हणते, भांडीसुद्धा आता त्यावर वाजतात.

१० एप्रिल, बुधवार

कालचं लिहितो. काल लिहिण्याजोगा नव्हतो.

मोठ्या गीतासाठी वर्षभर देवळाचं तोंड न बघणारेही येतात. वलसामिससुद्धा दुकान बंद करून आला होता. उभं राहायला जागा नव्हती. मी माझा निळा सूट घातला होता, मेरोपीनं कॉलर दोनदा नीट केली. त्या पापी बाईनं येशूच्या पायांवर अत्तर ओतलं, केसांनी पाय पुसले, ते सगळं त्या गीतात आहे. ते गाताना भल्याभल्यांचे आवाज फुटतात.

दूकासकाकांनी सुरुवात केली. काय आवाज होता. मी शपथेवर सांगतो, तसं मला जन्मात जमणार नाही, डिप्लोमावाल्याला तर नाहीच.

मध्यावर ते थांबले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. फादर वेदीच्या दारातून बाहेर येऊन उभे राहिले. लोकांना वाटलं, रीतीप्रमाणे थांबले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. हात उठला नाही. हात कठडा चाचपत होता. मग त्यांनी मान वळवली आणि मला दिसले ते त्या रविवारी खिडकीशी पाहिलेले डोळे. ते गायकाच्या ओट्यावरून एक पायरी खाली उतरले. अगदी हळू, शेजारच्याला विचारावं तसं म्हणाले, "बोट सुटली का?" माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल. समोर, बायकांच्या बाजूला, आमेर्सा उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं.

मला नुसतं पुढं गायचं होतं. उत्तरार्ध तयार होता. मी तोंड उघडून बरोबर चालीत पुढची ओळ म्हटली असती की सगळ्या गावानं मानलं असतं, दिलं म्हाताऱ्यानं इग्नातिसला. हात कुणी बघितला असता? उजवी बाजू माझी. आणि ते दुसरी पायरी उतरून, गर्दीतून वाट काढत, बंदराकडं निघून गेले असते.

मी तोंड उघडलं. शब्द गीताचेच लावले. चाल नावाड्याची.

मोठ्यांदा, सगळा दम लावून. मागं कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळीकडं कुजबुज उठली. फादरांचा चेहरा पांढराफटक. मी दुसरी ओळही तशीच म्हटली. दूकासकाका थांबले. मान तिरकी करून ऐकू लागले. त्यांचे ओठ हलायला लागले, माझ्याबरोबर अर्धी ओळ त्यांनी त्या पातळ आवाजात म्हटली, आणि मग शब्द कानात शिरले असावेत. हे शब्द कुठले आणि ही चाल कुठली! त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. ताडकन मागं वळले, दोन्ही पायऱ्या चढले, कठड्यावर हात आपटून मला गप्प केलं आणि माझ्या तोंडातून ती ओळ हिसकावून घेतली. बरोबर चालीत. शेवटपर्यंत नेलं त्यांनी, एकट्यानं, आणि शेवटचा सूर इतका लांब धरला की मेणबत्त्या संपतील असं वाटलं.

मी हे काही प्रेमानं केलं नाही. मेरोपी तसं समजते, तिला समजू दे. गायकाला शांतता सहन होत नाही, एवढंच. माणूस पायरी उतरत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

उपासना संपल्यावर दूकासकाका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. भरल्या देवळात, फादरांच्या देखत. ताठ, डोळे लखलखीत. म्हणाले, "लाज नाही वाटत? पवित्र मंगळवारी, देवासमोर, गुत्त्यातलं गाणं! मी मध्ये श्वास काय घेतला, तू लगेच उडी मारलीस. एवढी घाई?"

मी म्हटलं, "चुकलं काका."

फादरनी त्यांना विचारलं, आता तुमच्यामागून कोण? म्हातारा म्हणाला, "कुणीही. याला सोडून."

फादरनी मला काही सांगायची गरज पडली नाही. मी माझं पुस्तक, चष्मा आणि घशाच्या गोळ्या डाव्या बाजूवरून उचलल्या. तेवीस वर्षांचा संसार एका खिशात मावला. वलसामिस दारात भेटला, तो मात्र हसला नाही, बाजूला झाला. घरी येऊन मी मेरोपीवर ओरडलो, देवावर ओरडलो, ग्रामोफोनवर ओरडलो. शीर फुटली नाही. सकाळपासून पुन्हा तोच राग आहे आणि तो कुठं ठेवावा ते कळत नाही. आज संध्याकाळी पवित्र तेल लावायला सगळं गाव देवळात जाईल. मी कुठं उभा राहू? मला गर्दीत उभं राहता येत नाही, सवय नाही.

दुपारी दुकान बंद करत होतो तेव्हा आमेर्सा आली. मी उगाच खिळ्यांचे खोके हलवत राहिलो. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा कालपासून फार खुशीत आहेत. मला नावानं हाक मारली. दोनदा मागून जेवले. सारखं सांगत होते, आज मी तिथं नसतो तर त्या माणसानं देवळाची अब्रू घालवली असती."

मी म्हटलं, "खरंच आहे. ते होते म्हणून निभावलं."